बेनेलक्सची कोच टूर : पत्रक आधी तासांत वाचा, मग पैसे भरा

नेदरलँड्स, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग हे बेनेलक्सचे तिन्ही देश एकत्र केले तरी महाराष्ट्राचा जेमतेम पाव भाग भरतो. घोळ इथूनच सुरू होतो. ‘एवढेसे तर देश, आठवड्यात सगळं होईल’ असं म्हणून लोक सगळ्यात जास्त ठिकाणं छापलेलं पत्रक निवडतात आणि परत आल्यावर सांगतात, की निम्मं तर बसच्या काचेतूनच पाहिलं.

मी ही सहल दोनदा केली. पहिल्यांदा मैत्रिणीबरोबर, दुसऱ्यांदा सत्तरी ओलांडलेल्या सासू-सासऱ्यांना घेऊन. पहिल्या वेळच्या बहुतेक चुका मुंबईतच झाल्या होत्या, बसमध्ये बसल्यावर त्या भोवल्या एवढंच. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांना पत्रकं वाचून दिली, तेव्हा चुका त्याच निघाल्या. म्हणून क्रमाने लिहिते आहे. क्रम मोडू नका, निदान पहिल्या चार टप्प्यांचा तरी.

टप्पा १ : पत्रक तासांत उतरवा

कोरा कागद घ्या. प्रत्येक दिवसासमोर तीनच गोष्टी लिहा : बस किती किलोमीटर चालणार, रात्री मुक्काम कुठे आणि हॉटेल बदलणार का. ठिकाणांची नावं सध्या लिहू नका.

अंतरं ढोबळमानाने अशी : ॲमस्टरडॅम ते ब्रसेल्स सुमारे २१० किलोमीटर, ब्रसेल्स ते ब्रुज १००, ब्रसेल्स ते लक्झेंबर्ग २१५ च्या आसपास आणि लक्झेंबर्ग ते ॲमस्टरडॅम ४०० च्या जवळ. नकाशा जो वेळ दाखवतो तो मोटारीचा असतो. कोचसाठी त्यात पाव भाग मिळवा. अँटवर्पचा आणि ब्रसेल्सचा रिंग रोड सकाळ-संध्याकाळ तुंबतो, त्याचे वेगळे.

आता बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट. युरोपात कोचचालकाचे तास कायद्याने बांधलेले आहेत. दिवसाला ९ तास चालवणं, आठवड्यातून फार तर दोनदा १० तास. साडेचार तास चालवल्यावर एकूण ४५ मिनिटांची विश्रांती, हीसुद्धा तुकड्यांत घेता येते. रात्रीची विश्रांती साधारणपणे सलग ११ तास, मोजक्या दिवशी त्यात थोडी सूट मिळते. हे सगळं गाडीतल्या टॅकोग्राफ यंत्रात नोंदलं जातं आणि मोडलं तर मोठा दंड बसतो. म्हणजे रात्री नऊला बस हॉटेलवर लागली तर सकाळी आठच्या आत ती हलेल असं धरू नका. ‘अहो, दहा मिनिटं जास्त थांबा ना’ हे तिथे चालत नाही, आणि त्यात चालकाचा आडमुठेपणा नसतो.

या हिशोबाने पाहिलं, की ज्या पत्रकात एकाच दिवशी डेल्फ्ट, हेग, रॉटरडॅम, किंडरडाइक, अँटवर्प आणि रात्री ब्रसेल्स असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ लगेच कळतो. त्यातली दोनच ठिकाणं नीट दिसतील. बाकीच्यांचे फोटो निघतील.

मग शब्द वाचा. ‘प्रवेशासह’ म्हणजे तिकीट धरलेलं आहे. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे उतरा, फोटो काढा, दहा-पंधरा मिनिटांत परत. ‘पॅनोरॅमिक’ किंवा ‘ओरिएंटेशन टूर’ म्हणजे बहुधा बसमधूनच. ब्रसेल्सच्या ॲटोमियमसमोर ‘भेट’ असं लिहिलेलं असतं आणि लोक त्या १०२ मीटर उंच वास्तूच्या सगळ्यात वरच्या गोळ्यात जायचं स्वप्न बघतात. तिथे बहुतेक सहलींत फक्त समोर फोटो असतो. कोणता शब्द कशासाठी, ते लेखी विचारा.

थांबा आणि तपासा : सात रात्रींत हॉटेलं तीनपेक्षा जास्त बदलत असतील तर ते पत्रक बाजूला ठेवा. प्रत्येक बदल म्हणजे सकाळी सामान बाहेर, संध्याकाळी खोलीची वाट पाहणं, असे सहज दोन तास गेले. शिवाय हॉटेल खरंच त्या शहरात आहे का ते पाहा. ‘ॲमस्टरडॅम’ म्हणजे पुष्कळदा स्किफोल विमानतळाजवळ किंवा थेट शेजारच्या गावात असतं. तसं असायला हरकत नाही, पण मग ‘संध्याकाळी मोकळा वेळ’ हॉटेलच्या लॉबीत जातो.

टप्पा २ : तारीख ठरवा, ट्यूलिपला हमी नसते

लिस्सेचं कॉयकनहोफ उद्यान मार्चच्या उत्तरार्धात उघडतं आणि मेच्या मध्याच्या सुमाराला बंद होतं, वर्षातून साधारण आठच आठवडे. उद्यानात फुलं कायम असतात, कारण तिथे कंद पाळीपाळीने फुलतील असे लावतात. बाहेरची रंगीत पट्ट्यांची शेतं मात्र हवेवर अवलंबून असतात. थंडी लांबली तर पहिल्या आठवड्यांत ती हिरवीच. उष्मा लवकर आला तर एप्रिलअखेर फुलं खुडलेली, कारण शेतकऱ्याला कंद हवा असतो, फूल नव्हे. एप्रिलचा मध्य त्यातल्या त्यात भरवशाचा.

आणखी काही तारखा. २७ एप्रिल हा नेदरलँड्सचा राजदिन (रविवार आला तर २६). ॲमस्टरडॅमचे रस्ते नारिंगी गर्दीने भरतात, वाहतूक बंद असते आणि कालव्यातल्या फेऱ्यांचं वेळापत्रक कोलमडतं. मजा बघायची असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी शहरदर्शन होईल ही आशा सोडा. ४ मेच्या संध्याकाळी आठ वाजता दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांसाठी दोन मिनिटं सगळा देश स्तब्ध उभा राहतो. तेव्हा सेल्फी आणि गप्पा थांबवा. १ मे रोजी बेल्जियम आणि लक्झेंबर्गमध्ये दुकानं बंद. बेल्जियममधली पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवार कुठे येतो ते कागदावर बघा.

टप्पा ३ : नोंदणीआधीचे प्रश्न

फोनवर नाही, ई-मेलवर. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच समजा.

- व्हिसा शुल्क, विमा, चालकाची आणि गाईडची टिप किमतीत आहे का? टिप वेगळी असेल तर रोजचे किती युरो?
- हॉटेलचा शहर-कर कोण भरणार? ॲमस्टरडॅममध्ये तो खोलीच्या भाड्याच्या साडेबारा टक्के आहे.
- जेवणं किती, आणि ‘भारतीय जेवण’ म्हणजे हॉटेलात बसून की डबा?
- किमान किती माणसं झाली नाहीत तर सहल रद्द होते, आणि ते किती दिवस आधी कळवणार?
- व्हिसा नाकारला गेला तर किती पैसे कापणार?
- कोचमधल्या जागा रोज फिरत्या आहेत का?

यातला व्हिसा नाकारल्याचा प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत. विचाराच. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टूर कंपनी टीसीएसही (विक्रीच्या वेळीच कापला जाणारा प्राप्तिकर) गोळा करते. तो खर्च नाही, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो. फक्त कुणाच्या पॅनवर तो जमा होतो आहे ते पाहा. पैसे मुलाच्या खात्यातून आणि पॅन वडिलांचा, असं झालं की पुढे निस्तरत बसावं लागतं.

टप्पा ४ : व्हिसा, आणि त्याआधी नावं

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज कुठल्या देशाकडे? ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच्याकडे. मुक्काम सारखे असतील तर ज्या देशातून आत शिराल त्याच्याकडे. तीन रात्री नेदरलँड्स, तीन बेल्जियम, एक लक्झेंबर्ग आणि विमान ॲमस्टरडॅमला उतरत असेल, तर अर्ज नेदरलँड्सकडे. ‘अमक्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते’ म्हणून तिकडे अर्ज करण्याचा सल्ला कुणीतरी हमखास देतं. हॉटेलांच्या आरक्षणाशी ते जुळत नाही आणि अर्ज तिथेच संशयास्पद ठरतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, क्वचित ४५ पर्यंत. एप्रिलच्या सहलीसाठी जानेवारीत अर्ज गेला तर झोप शांत लागते. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना नाही. सेवा केंद्राचे पैसे वेगळे. आधीच्या शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले असतील तर ते ५९ महिने चालतात.

पासपोर्ट : गेल्या दहा वर्षांत काढलेला, युरोप सोडल्यानंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी. विमा : किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांसाठी, सगळ्या दिवसांसाठी. सासऱ्यांच्या वेळी मधुमेह आणि रक्तदाब लिहिण्यावरून घरात चर्चा झाली (‘हप्ता वाढेल’). लिहा. लपवलेला आजार दावा फेटाळायला पुरेसा असतो.

आपल्याकडची खरी गोची नावांची. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, पॅनवर माहेरचं, बँकेत नवऱ्याचं नाव मधे घातलेलं, आणि आधारवर आणखी एक स्पेलिंग. काही जुन्या पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. टूर कंपनीला नाव सांगताना तोंडी सांगू नका, पासपोर्टच्या पानाची प्रत पाठवा. विमानाचं तिकीट, विमा आणि व्हिसाचा अर्ज, तिन्हींवर पासपोर्टवरचीच अक्षरं हवीत. बाकी कागदांवरच्या फरकासाठी विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडा.

सावधान : अर्जाआधी आठवडाभर खात्यात मोठी रक्कम भरून शिल्लक फुगवू नका. बँकेच्या विवरणात ती उठून दिसते. मुलगा खर्च करत असेल तर त्याचं पत्र आणि त्याचं विवरण द्या, ते सरळ आणि स्वच्छ.

व्हिसा हातात आला की तिथेच उभं राहून चार गोष्टी वाचा : नाव, तारखा, प्रवेश किती वेळा, आणि राहण्याचे दिवस. उतरण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. सहलीत लंडन जोडलेलं असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो, आणि मधेच लंडनला जाऊन परत युरोपात शिरणार असाल तर एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा पुरत नाही.

टप्पा ५ : पैसे

रोख थोडी, कार्ड दोन. रोख माणशी दोनशे-अडीचशे युरो पुरतात, त्यात पाच आणि दहाच्या नोटा मागून घ्या. नेदरलँड्समध्ये बरीच दुकानं रोख घेतच नाहीत, फक्त कार्ड. बेल्जियममध्ये स्वच्छतागृहाच्या दाराशी बसलेल्या बाईंना मात्र नाणं लागतं, पन्नास सेंटपासून एक युरोपर्यंत. पहिल्याच दिवशी पाण्याची बाटली घेऊन नोट मोडा आणि नाणी वेगळ्या छोट्या पाकिटात ठेवा. हे पाकीट ज्याच्याकडे, त्याला चाळीस माणसांच्या गटात फार भाव असतो.

कार्ड ओढताना यंत्र विचारतं : रुपये की युरो? कायम युरो निवडा. रुपये निवडलेत की दर यंत्रवाला ठरवतो, आणि तो तुमच्या बाजूने नसतो.

टप्पा ६ : बॅग भरणं

माणशी एकच मोठी बॅग. कोचच्या पोटात जागा मोजकी असते आणि जिने-फरसबंदीवर ती बॅग तुम्हालाच ओढायची असते. छत्रीपेक्षा टोपी असलेलं रेनकोट-जॅकेट बरं, तिथल्या वाऱ्यात छत्री उलटी होते. एप्रिलमध्ये तापमान दिवसा दहा-चौदा अंश, पहाटे त्याहून बरंच खाली. बूट सहलीआधी महिनाभर वापरून मऊ केलेले हवेत. नवे बूट घालून ब्रुजच्या दगडी रस्त्यांवर चालणं म्हणजे फोडांना आमंत्रण.

चार्जर : आपली बारीक गोल दोन पिनांची चालतात, तीन पिनांची नाहीत. एक ॲडॉप्टर आणि एक छोटा मल्टिप्लग घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीच नाही. औषधं मूळ वेष्टनात, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह, आणि तीही हातातल्या बॅगेत.

आता खाऊ. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खव्याची मिठाई, पनीर, श्रीखंडाच्या वड्या घरी ठेवा. ताज्या फळांना आणि कढीपत्त्यालाही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. भाचीसाठी हापूसची पेटी नेण्याचा विचार पुष्कळांच्या मनात येतो, तो तिथेच सोडा. चकली, भडंग, तेलातला चिवडा, दाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, लोणच्याचं घट्ट बंद पाकीट, असं न्या. लोणचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत.

थांबा आणि तपासा : भरलेली बॅग स्वतः उचलून एक मजला जिना चढा. जमत नसेल तर वस्तू काढा. ही चाचणी आम्ही दुसऱ्या वेळी केली आणि सासूबाईंची बॅग सहा किलोंनी हलकी झाली.

टप्पा ७ : उतरल्यावरचे पहिले काही तास

१२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेन सीमेवर नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने आली. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी तुमची नोंद संगणकात होते आणि चेहऱ्याचा फोटो घेतला जातो. पहिल्या वेळी वेळ लागतो. रांगेत परतीचं तिकीट, हॉटेलची नावं आणि विम्याचा कागद हातात ठेवा, फोनमध्ये नको. अधिकारी इंग्रजीत विचारतो : किती दिवस, कुठे, कुणाबरोबर. वडीलधाऱ्यांकडून ही तीन उत्तरं घरी बोलून घ्या. ‘टूर मॅनेजर सांगेल’ हे उत्तर नाही.

घड्याळ लगेच बदला. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर आपण साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. पहिल्या दिवशी दुपारी झोपलात तर पुढचे दोन दिवस पहाटे तीनला जाग येईल.

टप्पा ८ : कोचमधला दिवस

रात्री झोपण्याआधी टूर मॅनेजरने सांगितलेल्या तीन वेळा लिहा : उठवण्याची, सामान बाहेर ठेवण्याची, बस सुटण्याची. सामान बाहेर ठेवलं की दिवसभर ते मिळत नाही. औषधं, पाणी, स्वेटर, पासपोर्ट पाठीवरच्या पिशवीत आलेत ना, हे दार लावण्याआधी बघा. पासपोर्ट उशीखाली विसरणारा एक तरी माणूस प्रत्येक सहलीत असतो.

बसमध्ये पट्टा बांधा. गरम किंवा वासाचं खाऊ नका. मागचं स्वच्छतागृह असलं तरी अडीनडीसाठीच, बऱ्याचदा बंदच असतं. महामार्गावरच्या थांब्यावर उतरल्या उतरल्या आधी स्वच्छतागृहाची रांग, मग कॉफी. लोक उलटं करतात आणि मग बस त्यांच्यासाठी थांबते. त्या पंधरा मिनिटांचं काय होतं? चालकाचे तास तेवढेच राहतात, म्हणून शेवटच्या ठिकाणाची पंधरा मिनिटं कापली जातात. सकाळी उशीर एकाने केला आणि संध्याकाळी किंडरडाइकच्या पवनचक्क्या चाळीस जणांनी पळत पळत पाहिल्या, हे मी स्वतः भोगलंय. (उशीर करणारी मीच होते, हे इथे कबूल करून टाकते.)

बसमधून उतरताना रोज तीन फोटो : बसचा नंबर, बस उभी असलेली जागा, आणि जवळच्या रस्त्याच्या नावाची पाटी. गावांची नावं भाषेप्रमाणे बदलतात हेही ध्यानात ठेवा. बेल्जियमच्या फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या भागात ‘ब्रुखे’ आणि ‘अँटवर्पन’ अशा पाट्या, फ्रेंच भागात तीच गावं ‘ब्रुज’ आणि ‘आँवेर’.

टप्पा ९ : चार शहरं, चार वेगळे सापळे

ॲमस्टरडॅम. मोठ्या पर्यटक बसना २०२४पासून शहराच्या मध्यभागात प्रवेश नाही. बस बाहेरच सोडते, पुढे पायी, ट्रामने किंवा बोटीने. हे पत्रकात नसतं, म्हणून लोक टूर मॅनेजरशी भांडतात. लालसर डांबराची पट्टी म्हणजे सायकलींचा रस्ता. तिच्यावर उभं राहून फोटो काढू नका. सायकलवाले घंटी वाजवतात, ब्रेक लावतीलच असं नाही. ॲन फ्रँकचं घर पाहायचं असेल तर तिकीट फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी पुढच्या सहाव्या आठवड्याची तिकिटं सुटतात. सहलीत ते जवळजवळ कधीच नसतं, मोकळ्या वेळेत बसवावं लागतं. आणि ‘कॉफीशॉप’ अशी पाटी दिसली तर आत कॉफीसाठी शिरू नका, तिथे गांजा विकतात. सासूबाई दारापर्यंत पोचल्या होत्या. कॉफीसाठी ‘कॅफे’.

ब्रुज. इथे गणित करा. समजा तीन तास थांबा आहे, म्हणजे १८० मिनिटं. बसतळापासून बाजारचौक पायी वीस-पंचवीस मिनिटं, जाऊन-येऊन ५०. स्वच्छतागृहाची रांग २०. गाईडबरोबर फेरी ४५. उरली ६५ मिनिटं. कालव्यातली बोट अर्ध्या तासाची, रांग धरून तासभर. म्हणजे बोट, जेवण आणि चॉकलेटची खरेदी यांतलं एकच होणार. कोणतं ते बसमध्येच ठरवा. मी बोट म्हणेन, चॉकलेट ब्रसेल्सलाही मिळतं. घंटाघराच्या ३६६ पायऱ्या अरुंद आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच पाहावं.

ब्रसेल्स. ग्रां-प्लासच्या चौकात वाहनं येत नाहीत, इथेही चालणं आहे. मानकेन पिस हा लघवी करणारा पोरगा अर्धा मीटर उंचीचा आहे, ‘एवढाच?’ असं प्रत्येकजण म्हणतो, त्यासाठी पाच मिनिटं पुरतात. उरलेला वेळ चौकातच घालवा, संध्याकाळी दिवे लागल्यावर तो वेगळाच दिसतो. गर्दीत पिशवी पुढे घ्या. शाकाहारी मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट : बेल्जियमचे प्रसिद्ध बटाट्याचे फ्राइज परंपरेने गोमांसाच्या चरबीत तळतात. काही दुकानं वनस्पती तेल वापरतात, पण विचारल्याशिवाय खाऊ नका. वॉफलमध्ये अंडं असतं. जैन किंवा काटेकोर शाकाहारी असाल तर टूर मॅनेजरला अँटवर्पला जेवण ठेवता येतं का विचारा. तिथे हिरे व्यापारातल्या गुजराती-जैन कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे तिथे आपल्यासारखं जेवण मिळणं सोपं जातं.

लक्झेंबर्ग. लोक याला ‘एक रात्र, चेकमार्क’ म्हणून उरकतात आणि इथेच फसतात, कारण मोकळी संध्याकाळ सर्वांत स्वस्त इथेच जाते. २०२०पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना फुकट आहे, पर्यटकांनाही. हॉटेल शहराबाहेर असलं तरी ट्राम पकडा आणि जुन्या शहरात या. कॉर्निशच्या वाटेवरून दरीतली ग्रुंड ही जुनी वस्ती दिसते, खाली जायला फुकट लिफ्ट आहे. बॉकच्या खडकातली भुयारं पाहण्यासारखी आहेत, पण पायऱ्या खूप आणि छत काही ठिकाणी ठेंगणं. सासरे वरच बाकावर बसले, तेही खूश आणि आम्हीही.

सावधान : उजेडावरून वेळ ओळखू नका. एप्रिलमध्ये साडेआठपर्यंत आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, दुकानं मात्र बरीचशी सहाच्या सुमाराला बंद. ‘अजून दिवस आहे’ म्हणून खरेदी शेवटी ठेवलेल्यांना बंद दारं मिळतात.

कुणी चुकलंच तर जागेवरच थांबायचं, फोन करायचा, शोधत फिरायचं नाही. तिन्ही देशांत आपत्कालीन क्रमांक ११२.

टप्पा १० : परत निघताना

करपरतावा मिळण्यासाठी एका दुकानातली एका दिवसाची खरेदी नेदरलँड्समध्ये किमान ५० युरो, बेल्जियममध्ये १२५ युरोंहून जास्त हवी. दुकानातच पासपोर्ट दाखवून अर्ज घ्या. त्यावरची सीमाशुल्काची मोहोर युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर होते. विमान फ्रँकफर्टला बदलत असेल तर हातातल्या बॅगेतल्या वस्तूंसाठी तिथे. वस्तू दाखवायला मागू शकतात, म्हणून ती मोठ्या बॅगेत टाकून बॅग देण्याआधी काउंटर शोधा. पंधरा-वीस युरोंच्या परताव्यासाठी तासभर रांग लावायची का, हे मात्र तुमचं तुम्ही ठरवा. मी लावत नाही.

चॉकलेटच्या पेट्या हातातल्या बॅगेत चालतात, पण चमच्याने खायचं मऊ चॉकलेट किंवा बिस्किटांचं क्रीम द्रव समजून काढून घेतात, ते मोठ्या बॅगेत. मोठी बॅग भरताना आदल्या रात्री वजनकाटा मागा, हॉटेलच्या काउंटरवर बहुधा असतो. निघण्याआधी खोलीतली तिजोरी, चार्जरचा प्लग आणि न्हाणीघराच्या दारामागचा खुंटा बघा. आमचा रेनकोट लक्झेंबर्गच्या खुंट्यावर अजून टांगलेला असेल.